शिंप्याची भिंत तीनदा का पडली?

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. धम्मावर बोलणारे आपले वक्ते तो क्वचितच सांगतात. वेसालीच्या एका गरीब शिंप्याने संघासाठी विहार बांधायला घेतला. स्वतः माती तुडवली, विटा रचल्या. हाताला सवय नव्हती. भिंत वाकडी झाली आणि पडली. असे तीनदा घडले. तेव्हा तो संतापून बोलला: जे दान देतात त्यांना हे श्रमण शिकवतात, मी गरीब म्हणून मला कोणी काही सांगत नाही. बुद्धांनी त्याला गप्प बसवले नाही. बांधकामावर लक्ष ठेवणारा भिक्खू नेमण्याचा नियम केला. भिंतीवर रंग धरत नसेल तर मातीत धान्याचा कोंडा मिसळून थापीने लिंपावे, इतका बारीक तपशीलही तिथेच आहे. अजिंठ्याच्या चित्रांखालचा गिलावाही माती, तूस आणि वनस्पतींच्या तंतूंचाच.

याउलट गावगाडा पाहा. अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हा गावाच्या लेखी गुन्हा होता, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे इतरांच्या वाड्यांसाठी राबायचे, पण आपली भिंत कच्चीच राहिली पाहिजे! 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, गावे सोडून माणसे शहरात आली. वस्त्यांतल्या मातीच्या भिंती दर पावसाळ्यानंतर लिंपल्या त्या आपल्या आज्यांनी. त्या कामाला कोणी कारागिरी म्हटले नाही.

आज 14 एप्रिल आणि 14 ऑक्टोबर जवळ आले की आपण पोपड्यांवरच रंग मारतो. तो टिकत नाही. आधी ओल कुठून येते ते शोधावे लागते. बोटाने ठोकून पोकळ वाजेल तेवढा गिलावा काढायचा, ब्रशने धूळ झाडायची, भिंत भिजवायची, मग एक भाग सिमेंट, चार भाग चाळलेली रेती. खड्डा खोल असेल तर दोन थरांत भरायचा आणि सात दिवस पाणी मारायचे. जुन्या मातीच्या भिंतीवर मात्र सिमेंट नको. ओल आत कोंडते आणि थर सुटतो. तिथे आजीचीच कृती लागते. नागपूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे तिरपी चीर वाढत असेल तर दोष पायात आहे, तिथे नुसते लिंपून भागणार नाही, जाणत्या मिस्त्रीला दाखवावे.

असे मिस्त्री आपल्याच वस्तीत आहेत. जयंतीच्या वर्गणीतून थापी, रंधा, चाळणी घ्यावी आणि एका रविवारी विहारात त्यांनाच शिकवायला बोलवावे, मुलींनाही थापी हातात देऊन.