बिल्ला कोणाला द्यायचा?

लहानपणी वडिलांबरोबर बँकेत जाताना आम्हांला सर्वांत अप्रूप वाटे ते पितळी बिल्ल्याचे. धनादेश खिडकीत दिला की कारकून क्रमांक कोरलेला बिल्ला हातावर ठेवी. रोखपाल तो क्रमांक पुकारी, बिल्ला परत घेई आणि पैसे मोजून देई. तो आपल्याला ओळखत नसे, आणि ओळखण्याची गरजही नसे. मात्र नुसता मुदत ठेवीचा दर विचारायला आलेल्या माणसाला कोणी बिल्ला देत नसे. इंटरनेटवर नेमका हाच साधा नियम बरीच वर्षे विसरला गेला होता. ती ही हकीकत.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबची घडण केली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत म्हणून. त्यासाठी ठरवलेला संवादाचा नियम, म्हणजे एचटीटीपी, मुद्दामच विस्मरणशील होता. ब्राउझरने पान मागायचे, सर्व्हरने द्यायचे आणि विसरून जायचे. वाचनालयाला एवढे पुरते, दुकानाला पुरत नाही. गिऱ्हाईकाने पिशवीत वस्तू टाकली आणि पुढच्याच क्षणी दुकानदार विचारू लागला 'आपण कोण?', तर व्यवहार व्हायचा कसा?

हा प्रश्न १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीपुढे आला. एमसीआय या अमेरिकी दूरध्वनी कंपनीला वेबवर दुकान हवे होते, पण अर्धवट खरेदीच्या नोंदी स्वतःच्या यंत्रांवर सांभाळायच्या नव्हत्या. नेटस्केपच्या लू माँटुली यांनी तोड काढली : नोंद गिऱ्हाईकाच्याच संगणकात ठेवावी आणि प्रत्येक मागणीबरोबर ती परत यावी. युनिक्सच्या प्रोग्रॅमरांत अशा परतीच्या चिठ्ठीला 'मॅजिक कुकी' म्हणत, तेच नाव चिकटले. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देणे याहून सोपे होते. पण मग कोणत्याही संकेतस्थळाला कोणाचाही माग काढता आला असता, म्हणून माँटुलींनी ते टाळले. ज्याने कुकी दिली त्यालाच ती परत जाईल असे बंधन त्यांनी घातले. (पुढे जाहिरातदारांनी एकाच पानात अनेकांचे तुकडे घालून या बंधनाला वळसा घातला. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

हळूहळू पद्धत उलटी झाली. कुकीत फक्त क्रमांक राहिला आणि खातेवही सर्व्हरकडे गेली. याला 'सेशन' म्हणतात. सन २००० मध्ये आलेल्या पीएचपी ४ ने ही सोय एका ओळीत करून दिली. सोय एवढी सोपी की ती ओळ प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहिण्याची सवयच पडली. परिणामी जो येईल त्याला बिल्ला आणि त्याच्या नावाचे कोरे पान! आम्हीही यातून सुटलो नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर प्रवेशनोंदणीची सोयही नव्हती, तरी बिल्ले वाटणे चालूच होते.

यात बिघडते काय? थोडे गणित करू. शोधयंत्रांचे स्वयंचलित वाचक सहसा कुकी परत आणत नाहीत, म्हणून त्यांची प्रत्येक मागणी नव्या पाहुण्याची ठरते. असा वाचक सेकंदाला १० पाने मागतो असे धरू. पीएचपीत नोंद टिकण्याची मूळ मुदत १४४० सेकंद आहे. म्हणजे कोणत्याही क्षणी निदान १४,४०० कोऱ्या नोंदी पडून!

याहून मोठा तोटा साठवणीचा. दहावीच्या निकालासारख्या गर्दीच्या दिवशी माहितीचे तेच पान लाखो लोक उघडतात. ते एकदाच तयार करून सर्वांना त्याची प्रत द्यावी हे शहाणपणाचे. व्हार्निश नावाची आज्ञावली हेच काम करते. ती २००६ मध्ये एका नॉर्वेजियन वृत्तपत्राच्या गरजेतून जन्मली. पण मागणीबरोबर कुकी आली की, वेगळे सांगितले नसल्यास, व्हार्निश हात आखडते. हा ओळखीचा पाहुणा दिसतो, त्याचे पान वेगळे असेल, असे समजून ती मागणी मूळ सर्व्हरकडे धाडते. एक निरर्थक बिल्ला, आणि सगळी साठवण वाया.

जानेवारी २०११ मध्ये आलेल्या ड्रुपल ७ ने मूळ नियम पुन्हा आणला. अनोळखी पाहुण्याविषयी काही लिहून ठेवायची वेळ येईपर्यंत सेशन सुरूच करायचे नाही. पाहुण्याने बिल्ला आणला असेल तरच वही उघडायची. नोंद रिकामी झाली की बिल्ला काढून घ्यायचा. आमच्या मते यातली तिसरी पायरीच सर्वांत जास्त विसरली जाते.

कायदाही याच दिशेने गेला. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात २००९ मध्ये दुरुस्ती करून कुकीसाठी वाचकाची संमती आवश्यक केली. वाचकाने मागितलेल्या सेवेला जी अत्यावश्यक असेल, तिला मात्र सूट दिली. नुसते पान वाचणाऱ्याला दिलेला सेशनचा बिल्ला अत्यावश्यक कसा ठरवणार?

वर्गात हे सहज दाखवता येते. ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, आपल्या शाळेचे संकेतस्थळ पाहा आणि एफ१२ कळ दाबून साठवणीच्या रकान्यात कुकी आल्या का ते तपासा. प्रवेश न करताच 'पीएचपीसेसआयडी' असे नाव दिसले, तर संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला विचारा, हा बिल्ला कशासाठी?