चूल गावात, खानावळ लालबागला

ज्याच्या घरात खाण्यावर खर्च जास्त, ते घर खातंपितं, अशी आपली आपली साधी समजूत. सॅक्सनीतल्या एर्न्स्ट एंगेल नावाच्या गृहस्थांनी १८५७ साली ती उलटी करून टाकली. (मार्क्सचे दोस्त एंगल्स ते वेगळे. यांची क्रांती वाण्याच्या वहीपुरतीच!) बेल्जियमच्या कामगारांचे जमाखर्च चाळून त्यांनी सांगितलं, की घर जितकं गरीब, तितका मिळकतीतला पोटाचा वाटा मोठा. आजही देशादेशांतली घरं याच पट्टीने मोजतात. अमेरिकन कुटुंब खर्चातले शंभरातले तेराएक डॉलर खाण्यावर घालवतं. आपल्या खेडेगावात २०२२-२३ साली हाच आकडा ४६ होता.

मुंबईच्या गिरणगावाला ही पट्टी लावली ती लेबर ऑफिसच्या फिंडले शिरास साहेबांनी, १९२१-२२ साली. अडीचेक हजार कामगार कुटुंबं तपासली. खाण्यावर निघाले ५७ टक्के. आता त्या गिरणगावात परजिल्ह्यांतून आलेला सगळ्यांत जास्त माणूस कुठला, तर आमच्या रत्नागिरीचा! त्यातला एकटा राहणारा गडी खानावळीत जेवायचा, गावकीच्या खोलीत पथारी टाकायचा आणि कमाईचा चौथा हिस्सा मनीऑर्डरने घरी धाडायचा. साहेबांच्या कोष्टकात हा झाला ‘खर्च’. गावात तीच जमा! एकाच घराची चूल गावात आणि खानावळ लालबागला. कोष्टकात मावलं ते अर्धंच.

उरलेलं अर्धं आमच्या आजीच्या वहीत होतं. मीठ, रॉकेल, काड्यापेटी, मुलाची पाटी. तांदूळ शेतातला, नारळ परसातला, मासळी भाताच्या बदल्यात. त्यांची नोंद कशाला? एंगेलसाहेबांनी नुसती ही वही पाहिली असती, तर आजीला थेट अमेरिकेत नेऊन बसवलं असतं. हल्लीच्या पाहण्यांत घरच्या धान्याचीही किंमत धरतात, ते बरं करतात. पण चिखलात वाकून तो भात लावणाऱ्या बाईच्या कमरेचा भाव अजून कुठल्या रकान्यात पाहिला नाही.

आणि मनीऑर्डर लांबली की आधी हलकं व्हायचं ते आजीचंच ताट. म्हणजे खाण्यावरचा खर्च घटला. नियमाप्रमाणे परिस्थिती सुधारली म्हणायची!

पोस्टमन दिसला, की मात्र तिचा हात सैल सुटे. वहीत दर महिन्याला एक नोंद ठरलेली: पोस्टमनला नारळ, नग १.