केडगावचे मुक्ती सदन: स्वातंत्र्य आणि सेवा

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौलाने मांडलेला विचार असा, की ख्रिस्ताने दिलेले स्वातंत्र्य स्वैर वागण्यासाठी नसून प्रेमाने एकमेकांची सेवा करण्यासाठी असते. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे या विचाराला संस्थेचे रूप मिळाले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षा, घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची निवासी शाळा काढली आणि पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुलींना केडगावच्या मुक्ती सदनात आसरा देऊन शिक्षणाबरोबर विणकाम, छपाई, शेती अशी कामेही शिकवली. आश्रितांना स्वतःच्या पायांवर उभे करणारी ही सेवा महाराष्ट्राच्या समाजसुधारणेचा मोलाचा वारसा आहे.