भिंतीवरचा तामा

दिल्ली कॅन्टच्या क्वार्टरमध्ये आमच्या दिवाणखान्यात एका कुत्र्याचं चित्र आहे. काळंपांढरं, झुबकेदार केसांचं, बसक्या नाकाचं जपानी कुत्रं. नाव तामा. दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ साली महिला हाटच्या आवारात गेला, तिथे एका फाटक्या चित्रसंग्रहातून सुटलेलं हे पान मला मिळालं. काच-फ्रेमला पानाच्या कितीतरी पट पैसे गेले. गुरुग्राम-नोएडाकडच्या मित्रांच्या फ्लॅटांतही अशी जुनी फ्रेंच चित्रं दिसतात. सोफ्याच्या रंगाला जुळतात म्हणून लावलेली. दिसायला गोड असतातच ती. पण ही कुत्री कोणत्या काळात रंगवली गेली ते कळलं, की फौजी माणूस त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो.

सप्टेंबर १८७० मध्ये प्रशियाच्या फौजेनं पॅरिसला वेढा घातला. तो उठला जानेवारी १८७१ च्या अखेरीस. चार महिन्यांत शहरातलं धान्य, मांस, जळण संपत गेलं. आधी घोडे कापले, मग मांजरं, कुत्री, उंदीरही विकायला आले. प्राणिसंग्रहालयातले कॅस्टर आणि पोलक्स हे दोन हत्तीसुद्धा सुटले नाहीत. रसद तुटलेल्या चौकीवर ज्यानं दिवस काढलेत त्याला यापुढे सांगायला नको.

त्या वेढ्यात एदुआर माने आणि देगा हे दोघे चित्रकार नॅशनल गार्डमध्ये होते. रन्वार घोडदळात गेला होता, तिकडे आजारी पडून मरता मरता वाचला. त्यांचा दोस्त बाझीय नोव्हेंबर १८७० मध्ये लढाईत पडला, वय अठ्ठावीस. पुढे ज्यांना जग इंप्रेशनिस्ट म्हणू लागलं ती ही मंडळी. (माने त्यांच्या प्रदर्शनांत कधी उतरला नाही, पण ऊठबस त्यांच्यातच.) उन्हातल्या बागा आणि नावा रंगवणारे हे लोक लढाई बघून आलेले होते, हे प्रती विकणारा दुकानदार सांगत नाही.

वेढ्यामागोमाग पॅरिस कम्यूनचा रक्तपात झाला. त्याला विटून आन्री चेर्नुस्की नावाचा श्रीमंत गृहस्थ १८७१ सालीच कलासमीक्षक तेओदोर द्युरेला घेऊन आशियाच्या प्रवासाला निघाला. जपान, चीन, जावा, सिलोन करत दोघे आपल्या हिंदुस्थानातही आले होते. या प्रवासाची आठवण म्हणजे तामा. १८७५ च्या सुमारास मानेनं त्याला रंगवलं, चित्रातच त्याचं नावही लिहिलं, आणि साधारण त्याच वेळी रन्वारनंही त्याचं चित्र काढलं. पाच वर्षांपूर्वी ज्या शहरात कुत्र्याचं मांस तोलून विकलं जात होतं, तिथेच एका कुत्र्याला दोन मोठे चित्रकार मिळाले. त्याआधीही युरोपात कुत्री रंगवली जात, पण बहुतेक शिकारीतली नाहीतर मालकाचा रुबाब दाखवणारी. तामा मात्र नुसता तामा आहे. काय्यबॉतनं १८८४ मध्ये आपला मित्र रिचर्ड गालो नदीकाठी फिरताना रंगवला, त्यातल्या कुत्र्याचंही नाव आपल्याला ठाऊक आहे: डिक.

आई गावाहून आली तेव्हा तिनं आल्या आल्या विचारलं, "कुत्र्याचा फोटो कुणी घरात लावतं का रे?" मी काहीच बोललो नाही, फक्त देवघराकडे बोट केलं. तिच्याच माहेरची दत्ताची तसबीर तिथे होती. पायाशी चार कुत्री, मागे गाय. आई हसली, म्हणाली, "ते वेद आहेत."

खरंच आहे. मराठी घरात भिंतीवरचं कुत्रं काही पॅरिसहून आलेलं नाही. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत जर्मन यंत्रांवर छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी-सरस्वतीबरोबर तिथे दत्तही छापले गेले. ज्यांना एरवी चित्र विकत घेणं शक्य नव्हतं त्यांच्या घरी हे रंगीत कागद पोचले. खंडोबाच्या तसबिरीतही घोड्याजवळ कुत्रं असतंच. फरक इतकाच, की या कुत्र्यांना नावं नाहीत. ती देवाची कुत्री.

मागच्या महिन्यात मेरठहून एक जुना सोबती आला. मेरठही आता एनसीआरमध्येच मोडतं. लष्कराच्या कुत्र्यांचं प्रशिक्षण तिथल्या आरव्हीसी केंद्रात होतं, आणि हा गडी डॉग हँडलर. चहा हातात घेऊन तामासमोर उभा राहिला आणि पहिला प्रश्न केला, "याचा हँडलर कोण?"

मी चेर्नुस्कीची गोष्ट सांगितली. मग त्यानं मानसीची काढली. ऑगस्ट २०१५, तंगधार. लॅब्राडोर मानसी आणि तिचा हँडलर बशीर अहमद वार घुसखोरांच्या मागावर निघाले, आणि दोघंही तिथेच पडले. पुढे मानसीचं नाव 'मेन्शन इन डिस्पॅचेस'मध्ये आलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागच्या चकमकीत झूमला दोन गोळ्या लागल्या, तरी तो मागे हटला नाही. श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात १३ तारखेला गेला. ही नावं वर्तमानपत्रांत आली आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत गेली.

सोबत्याच्या मोबाईलमध्ये त्याच्या कुत्रीचे शेकड्यानं फोटो आहेत. नाल्यात उतरलेली, बर्फात कान टवकारलेली, त्याच्या बुटांवर डोकं टेकून झोपलेली. घरी भिंतीवर एकही नाही. बायको म्हणते, कुत्र्याचा फोटो बरा दिसत नाही.

मी त्याला फ्रेमवाल्याचा नंबर दिला. आणि म्हटलं, खाली नाव लिहून घे.