५३-एन क्रमांकाची बाटली

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ माणसांना प्लेगची लस टोचली गेली. लस पाच बाटल्यांमधून आली होती. काही दिवसांनी त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळेच्या सगळे मरण पावले. बाकीच्या ८८ जणांना धनुर्वात झाला नाही. मेलेल्या एकोणीसही जणांना एकाच बाटलीतून टोचलं होतं. तिचा क्रमांक होता ५३-एन, आणि ती भरली गेली होती ४१ दिवस आधी, आपल्या मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत.

परळचं हाफकिन इन्स्टिट्यूट आपल्याला माहीत असतं. ज्यांचं नाव त्याला आहे, ते वाल्डेमार हाफकिन त्या वेळी या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. ओडेसात जन्मलेला हा ज्यू माणूस पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शिकून १८९३ मध्ये हिंदुस्थानात कॉलराची लस घेऊन आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली.

या कामात आपल्या समाजाचाही वाटा आहे, आणि तो आपल्याच मुलांना ठाऊक नसतो. विशीतल्या सर सुलतान महंमद शाह आगाखान यांनी आपला एक बंगला हाफकिन यांना वापरायला दिला. खोजा जमातीत लसीबद्दल भीती होती. ती घालवायला आगाखानांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली. भाषण देण्यापेक्षा त्यांनी दंड पुढे केला, हे मला फार मोलाचं वाटतं.

लसीत काय आहे, हा प्रश्न तेव्हाही विचारला जाई. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात त्यासाठी गाईचं मांस सर्रास चाले. इथे गाय चालणार नाही आणि डुक्करही चालणार नाही, हे ओळखून बकऱ्याच्या मांसापासून रस्सा तयार केला गेला. त्यावर तुपाचे थेंब सोडत. त्या थेंबांना लटकून प्लेगचे जंतू गुहेतल्या चुनखडीच्या लोंबत्या सुळक्यांसारखे खाली वाढत. काही आठवड्यांनी ते उष्णता देऊन मारले जात. लोकांच्या शंकेला अडाणीपणा न म्हणता लस बनवण्याची रीतच बदलली गेली.

पण दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. लस निर्जंतुक आहे कशावरून? आमच्या उर्दूत साफ आणि पाक हे दोन वेगळे शब्द आहेत. साफ म्हणजे डोळ्यांना स्वच्छ दिसणारं. पाक असण्यासाठी तेवढं पुरत नाही. औषधाच्या बाटलीचंही असंच आहे. आतलं पाणी काचेसारखं नितळ दिसलं तरी त्यात धनुर्वाताच्या जंतूची बीजं असू शकतात. ही बीजं मातीत आणि शेणात असतात, आणि नुसत्या उकळीलाही सहज दाद देत नाहीत. त्यांना मारायला दाबाखालची वाफ लागते.

मुलकोवालच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स त्याचे अध्यक्ष होते. पंजाबची मागणी मोठी असल्यामुळे हाफकिन यांनी लस लवकर तयार होईल अशी पद्धत घेतली होती. तिच्यात कार्बोलिक ॲसिड गाळलं होतं आणि भिस्त उष्णतेवर होती. आयोगाने नेमकं यावर बोट ठेवलं आणि बाटली परळलाच दूषित झाली असं ठरवलं. हाफकिन यांना पद सोडावं लागलं.

पण चौकशीच्या कागदांतच आणखी एक गोष्ट नोंदलेली होती. मुलकोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून पुन्हा वापरला गेला. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत ४१ दिवस वाढले असते, तर ती उघडताच घाण वास सुटला असता. तसा वास आलेला नव्हता. १९०७ मध्ये मलेरियाच्या शोधासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हे मांडलं. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. ते हिंदुस्थानात परतले, पण परळला नाही, कलकत्त्याला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

पुरावा पहिल्या दिवसापासून कागदावर होता आणि तरी पाच वर्षं गेली. गोऱ्या डॉक्टरांच्या त्या राज्यात हाफकिन परके होते: रशियातून आलेले, ज्यू, आणि शिक्षणाने डॉक्टरही नव्हेत. काही बिघडलं की आधी परक्या माणसाकडे बघायचं, ही सवय जुनी आहे. तिचा अनुभव कुणाला आहे, हे मी सांगायला नको.

आज इंजेक्शन, सलाइन, डोळ्यांचे थेंब बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्यात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा असते आणि तिच्यावर एक पर्यवेक्षक असतो. आपल्याला वाटतं, तो शेवटी बाटल्या तपासून पास-नापास करत असेल. तशी तपासणी होते. नमुने १४ दिवस पोषक द्रवात ठेवून जंतू उगवतात का ते पाहतात. पण हिशेब करून पाहा. हजारात एक बाटली दूषित असेल आणि तुम्ही २० बाटल्या तपासल्या, तर ती सापडण्याची शक्यता शंभरात जेमतेम दोन. पेपर तपासून वर्गातली कॉपी पकडता येत नाही, तसंच हे. त्यासाठी परीक्षा चालू असतानाच लक्ष ठेवावं लागतं.

म्हणून तो पर्यवेक्षक हवेत उघड्या थाळ्या ठेवतो, कामगारांच्या हातमोज्यांचे ठसे थाळीवर घेतो, वाफेच्या भट्टीचं तापमान पाहतो, औषधाऐवजी नुसता पोषक द्रव भरून सगळी साखळी तपासतो. आणि सगळं लिहून ठेवतो: वेळ, बाटलीचा क्रमांक, करणाऱ्याचं नाव, सही. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकांचा सीलबंद गठ्ठा साक्षीदारांसमोर फोडून सह्या घेतात, तेच तत्त्व.

यात सगळ्यांत नाजूक जागा आहे ती पडलेल्या चिमट्याची. हातातून चिमटा पडणारच, माणूस आहे. तो पडल्यावर "साहेब, पडला" असं म्हणायची त्या कामगाराला भीती वाटते का, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ओरडणाऱ्या पर्यवेक्षकाच्या वह्या कोऱ्या आणि निर्दोष राहतात, आणि दोष बाटलीत जातो. चांगला पर्यवेक्षक ती बाटली बाजूला काढतो, नोंद करतो आणि सांगणाऱ्याला शाबासकी देतो.

मुलकोवालच्या त्या १९ माणसांची नावं कुणी घेत नाही. ते लस घ्यायला विश्वासाने आले होते. आपण दंड पुढे करतो तेव्हा न पाहिलेल्या माणसांच्या हातात जीव अमानत म्हणून ठेवतो. तेव्हा आपल्या मोहल्ल्यात कुणी विचारलं, "यात काय आहे, आणि तपासलं कुणी?" तर त्याला हसू नका. बकऱ्याच्या मांसाची गोष्ट सांगा, चिमट्याचीही सांगा. अमानत ठेवणाऱ्याला हिशेब मागायचा हक्क असतो.