सातपुड्याच्या रक्तातील विळा

इतिहास लिहावयाचा तो कागदांवरून, असा आपल्याकडे दंडक आहे; आणि खानदेशात तर तो मोडण्याचे धैर्य सहसा कोणी करीत नाही. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यात निवर्तले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. अशा भूमीत कागदाचा महिमा मोठा असावा, हे योग्यच होय. पण सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा यांच्याविषयी जुन्या दप्तरांत आपणास काय आढळते? 1825 साली औट्रमने धरणगावास उभी केलेली भिल्ल पलटण आढळते. खाज्या नाईकाचे बंड आणि 1858 ची अंबापाणीची लढाई आढळते. जंगलाचे हक्क, सारा, सावकारी, दारूचे गुत्ते हेही आढळते. म्हणजे या लोकांनी सरकारला जेथे जेथे त्रास दिला, किंवा सरकारने त्यांना, तेथे तेथे कागद आहे. मात्र त्यांची लेकरे कशाने दगावत, ऐन तिशीतला गडी हाडे ठणकतात म्हणून अंथरुणाला का खिळे, हे कोणी लिहून ठेवले नाही. फार तर 'ताप' किंवा 'वात' या एका शब्दात ते सारे उरकलेले असते.

या दुखण्याचा दस्तऐवज रक्तात होता, आणि तो वाचण्याची विद्या जगात कोठेच नव्हती. ती कशी निर्माण झाली, सातपुड्यापर्यंत कशी आली, आणि ती आल्यावर दुखणाइताच्या पदरात काय पडले, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

प्रथम हे दुखणे काय आहे ते सांगितले पाहिजे. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचिक असतात. केसाहून बारीक नलिकांतूनही त्या अंग चोरून निघून जातात. त्यांच्यात हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते व ते प्राणवायू वाहून नेते. काही माणसांत या हिमोग्लोबिनची घडण जन्मतःच किंचित निराळी असते. प्राणवायू कमी पडला की त्याचे धागे बनतात, पेशी ताठ होते आणि ज्वारी कापण्याच्या विळ्यासारखी वाकते. असल्या पेशी नलिकांत अडकतात. मग पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना उठते. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, ही दोनतीन आठवड्यांत फुटते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही, डोळे पिवळे दिसतात. पाणथरी सुजते, खुब्याचा सांधा झिजतो, साधा न्यूमोनिया लहान मुलाचा जीव घेतो. हा सिकलसेल आजार. तो संसर्गाने होत नाही, आईबापांकडून येतो. दोघांपैकी एकाकडूनच सदोष वारसा आला तर माणूस केवळ वाहक असतो व बहुधा धडधाकट राहतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणी चारांत एक या प्रमाणात आजारी मूल होण्याचा संभव राहतो.

शिकागोच्या एका रुग्णालयात 1904 च्या अखेरीस ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यास आलेला वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा तरुण दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टराने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि तो चक्रावला. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी 1910 साली ती हकीकत छापली व त्या पेशींना विळ्याची उपमा दिली. नोएल शिकून परत गेला, त्याने दाताचा दवाखाना घातला आणि 1916 साली न्यूमोनियाने वारला. हेरिकचे नाव सर्वतोमुखी झाले; ज्याचे रक्त होते त्याचे नाव पुष्कळ वर्षे कोणास ठाऊक नव्हते.

पुढे 1927 साली हान आणि गिलेस्पी यांनी दाखविले की पेशी वाकते ती प्राणवायूच्या अभावी. 1948 साली ब्रुकलिनच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. या आजाराची बालके जन्मल्यावर काही महिने बरी असतात. त्यांच्या पेशी फारशा वाकतच नाहीत. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचे असते, ते अजून रक्तात शिल्लक असते, म्हणून तसे होत असावे, असा तर्क त्यांनी केला. वाचकांनी हा तर्क ध्यानात ठेवावा. पाऊणशे वर्षांनी आपण पुन्हा त्याच्यापाशी येणार आहो. 1949 साली लायनस पॉलिंग, हार्वी इटानो आणि त्यांचे सहकारी यांनी निरोगी व सदोष हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात ठेवून पाहिले. दोन्ही वेगवेगळ्या गतीने सरकली. एखादा आजार एका रेणूच्या दोषाने होतो, हे मनुष्यजातीला प्रथमच कळले. केंब्रिजच्या व्हर्नन इंग्रॅम यांनी 1956-57 मध्ये तो दोष नेमका कोठे आहे तेही शोधले: 146 दुव्यांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड पाहिजे, तेथे व्हॅलिन बसले आहे. बस्स, इतकेच! एका दुव्याची चूक. आज मधुमेह, संधिवात, मूत्रपिंडाचे विकार अशा दीर्घकालीन रोगांसाठी शास्त्रज्ञ रक्तातल्या ज्या निदानखुणा शोधीत असतात, त्यांत इतकी स्वच्छ, इतकी निःसंदिग्ध खूण दुसरी क्वचितच असेल.

हिंदुस्थानात ही खूण 1952 साली सापडली. निलगिरीच्या आदिवासींत लेहमन आणि कटबुश यांना, आणि त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांवरील मजुरांत डनलॉप आणि मझुमदार यांना. 1958 साली शुक्ल आणि सोळंकी यांनी नागपूरकडील आढळ प्रसिद्ध केला. येथे एक गोष्ट आम्हांला स्पष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या काळातील पुष्कळ विद्वान आदिवासींचे रक्त तपासीत होते ते त्यांना बरे करण्यासाठी नव्हे. त्यांना पडलेले कोडे आपल्यासारख्या इतिहासवेड्यांचेच होते: हे लोक मूळचे कोठले? आफ्रिकेत दिसणारी खूण येथे कशी? लेहमन यांनी तर या खुणेच्या आधाराने प्राचीन वंशांच्या स्थलांतराचा एक मोठा नकाशाच मनाशी रचला होता. कोडे रम्य होते, यात शंका नाही. परंतु ज्याच्या बोटाला सुई टोचली त्याचे कोडे निराळे होते, आणि ते कोणी विचारले नाही.

विद्वानांच्या कोड्याचे उत्तर 1986 साली मिळाले. ओडिशातील आणि पूर्व अरबस्तानातील रुग्णांच्या जनुकांचा आसपासचा मजकूर कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी ताडून पाहिला, तेव्हा तो आफ्रिकेतील नमुन्यांशी जुळेना. म्हणजे आशियात ही चूक स्वतंत्रपणे घडली होती; ती कोणी आफ्रिकेतून आणली नव्हती. ती टिकली का, याचे उत्तर ॲलिसन यांनी 1954 सालीच दिले होते. वाहकाला घातक मलेरियापासून पुष्कळ संरक्षण मिळते. ज्या जंगलात मलेरिया शतकानुशतके घर करून होता, तेथे वाहक जगले आणि ती खूणही त्यांच्याबरोबर जगली. सातपुड्याच्या तापाविषयी इंग्रज अंमलदार कुरकूर करीत आणि पावसाळा सरेपर्यंत वर जाण्यास नाखूष असत. त्या तापाला तोंड देत जे लोक तेथे राहिले, त्यांनी त्याची किंमत अशी रक्तात मोजलेली आहे. दप्तरात न सापडणारा इतिहास म्हणतात तो हा!

आता खानदेशाकडे वळू. 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पुढे ते जळगाव आणि धुळे म्हणून ओळखले गेले, आणि 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार निराळा निघाला. सातपुड्याची रांग तिन्ही जिल्ह्यांच्या माथ्यावर आहे: रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवा, अक्राणी. या भागातील आदिवासींत सिकलसेलचा माग लावण्याच्या कामी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुदाम काटे यांचे नाव पहिल्यांदा घेतले पाहिजे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील आदिवासी जमातींचे रक्त वर्षानुवर्षे तपासले. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा जमातींत या खुणेचे प्रमाण 20 पासून 35 टक्क्यांपर्यंत आढळले. पाचांत एक किंवा त्याहून अधिक, असा त्याचा अर्थ! पुढे हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळातर्फे त्यांनी नुसती मोजदाद न करता उपचार व सल्ला यांचीही जोड दिली. 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मोजदाद आणि उपचार यांत अंतर असते, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी फार प्रांजळपणे सांगितले आहे. 1980 च्या दशकात त्यांनी तेथे सिकलसेलचा मोठा अभ्यास केला. आणि नंतर लक्षात आले की हा प्रश्न संशोधकांच्या जिज्ञासेचा होता, लोकांनी मांडलेला नव्हता. असे कबूल करणारे संशोधक थोडे असतात.

डोंगरातल्या तपासणीची रीत सोपी आहे. एका नळीत औषधी द्रावण घेतात, त्यात रक्ताचा थेंब सोडतात आणि नळीमागे रेघा ओढलेला कागद धरतात. रेघा दिसल्या तर निर्दोष; द्रावण गढूळ होऊन रेघा लपल्या तर सिकल. पण ही नळी वाहक आणि रुग्ण यांत भेद करीत नाही. तो करावयास विजेवरची चाचणी किंवा त्याहून भारी यंत्र लागते, आणि ते तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. मधल्या काळात पाड्यावर एवढेच कळते की 'अमक्याच्या पोरीच्या रक्तात दोष निघाला'. ती पोर केवळ वाहक असते, निरोगी असते. पण तिचे लग्न अडते. खूण वाचता येणे आणि ती समजावून सांगता येणे या दोन निराळ्या विद्या आहेत. पहिली यंत्राने साधते. दुसरीला भिली किंवा पावरी बोलणारा, घरी बसून चार वेळा तेच सांगणारा माणूस लागतो.

उपचारांचा इतिहास खुणेच्या इतिहासाहून फार मागे राहिला. 1986 साली अमेरिकेत सिद्ध झाले की लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यास जंतुसंसर्ग सुमारे 84 टक्क्यांनी घटतो. औषध जुने आणि स्वस्त, तरी रेणूचा दोष कळल्यापासून हे कळावयास 37 वर्षे गेली. दुसरे औषध हायड्रॉक्सीयुरिया. ते 1869 साली जर्मनीत प्रथम तयार झाले आणि दीर्घकाळ रक्ताच्या कर्करोगावर वापरले गेले. त्याने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढते असे दिसून आले, आणि 1995 साली 299 रुग्णांवरील चाचणीत वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. वॉटसनबाईंचा तर्क येथे प्रथम फळाला आला. आपल्याकडील रुग्णांत हे गर्भ-हिमोग्लोबिन मुळातच अधिक असते, म्हणून येथील आजार सौम्य, असे बरेच दिवस मानले जाई. विदर्भातील डॉक्टरांनी रुग्णांची टिपणे नीट ठेवली तेव्हा तो समज टिकला नाही; तेथेही मुले वारंवार झटक्यांनी रुग्णालयात येत होती.

खुणेवर किती विसंबावे, याचा एक अलीकडचा दाखला आहे. व्हॉक्सेलोटर नावाच्या औषधाने रुग्णांचे हिमोग्लोबिन वाढते असे दिसले, आणि त्या आकड्याच्या बळावर 2019 साली अमेरिकेत त्याला त्वरेने मान्यता मिळाली. 2024 च्या सप्टेंबरात ते जगभरातून मागे घ्यावे लागले. झटके आणि मृत्यू यांचे आकडे चिंताजनक निघाले. कागदावरचा आकडा सुधारला, माणूस सुधारलाच असे नाही.

याउलट 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झालेला जनुकसंपादनाचा उपचार मुळावर जातो. गर्भ-हिमोग्लोबिन बंद करणारी कळ रुग्णाच्याच पेशींत निकामी करून त्या पेशी परत देतात. पाऊणशे वर्षांपूर्वीचा तो तर्क असा सिद्धीस गेला. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे सुमारे अठरा कोटी रुपये ठरली. हा आकडा अक्राणीत कोणाला सांगावा?

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असा तिचा संकल्प आहे. नंदुरबार जिल्ह्याचा तो पंचविसावा वाढदिवस होता. हा योगायोग कोणी मुद्दाम साधला असेल असे वाटत नाही. 'निर्मूलन' हा शब्द आम्हांला थोडा जपून वापरावासा वाटतो. देवी रोगाचे निर्मूलन झाले, कारण तो बाहेरून येई. ही खूण माणसांच्या वंशातच आहे. तेव्हा दोन वाहकांनी जाणूनबुजून निर्णय घ्यावा, गरोदरपणी तपासणी व्हावी, आणि जे जन्मले त्यांना वेदना कमी व्हावी, एवढाच त्याचा अर्थ घेतला पाहिजे.

त्यातही एक व्यावहारिक अडचण मोहिमेच्या कागदावर सहज दिसत नाही. दिवाळी झाली की सातपुड्यातील कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडणीस गुजरातेत जातात. पहाटेची थंडी, दुपारचे ऊन, अंगमोड श्रम आणि पुरेसे पाणी नाही: पेशी वाकावयास आणखी काय पाहिजे? हायड्रॉक्सीयुरिया रोज घ्यावे लागते आणि त्यासाठी ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. गावच्या उपकेंद्रात नाव नोंदलेला रुग्ण चार-पाच महिने सुरत-बारडोलीकडे फडावर असतो, आणि त्याची गोळी गावच्या कपाटात. काही कुटुंबे निघताना महिन्याभराच्या गोळ्या फडक्यात बांधून नेतात. त्या संपल्या की तो परत येईपर्यंत, म्हणजे बहुधा होळीपर्यंत, खंड पडतो.