कामाचा दर्जा आणि तरुणांचे मानसिक स्वास्थ्य

कामाचा दर्जा म्हणजे नुसता पगार नव्हे. शिकलेले कौशल्य वापरायला मिळणे, कामाची गती थोडीफार स्वतः ठरवता येणे, नोकरीची शाश्वती हेही त्यात येते. ‘बेकारीपेक्षा कोणतीही नोकरी बरी’ हा घरोघरी ऐकू येणारा समज तरुणांपुरता पारखून पाहिला तो ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या अभ्यासाने. अँथनी वाइनफील्ड, मारिका टिगमन व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये शाळकरी मुलांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि शाळा सुटल्यावर वर्षानुवर्षे त्याच मुलांना पुन्हा गाठले. मनाजोगती नोकरी लागलेल्यांचा आत्मसन्मान वाढला, खिन्नता ओसरली. नोकरीत नाखूश असलेले मात्र बेकारांच्याच पंगतीला राहिले.

मुळात खिन्न असलेल्याला कोणतेही काम वाईटच दिसणार, हा आक्षेप वजनदार आहे. पण शाळेतल्या नोंदींत या गटांमध्ये ठळक अंतर नव्हते. ते नंतर पडले. ‘समाधान’ ही शेवटी कामगाराचीच साक्ष, ही उणीव उरतेच. २०११ मध्ये पीटर बटरवर्थ यांच्या गटाने त्याच देशातील, सर्व वयोगटांच्या पाहणीच्या आधारे ताण, स्वायत्तता, शाश्वती आणि मोबदल्याची रास्तता हे घटक मोजून नोकरीचा दर्जा ठरवला. तेव्हा बेकारीतून निकृष्ट नोकरीत गेलेल्यांचे स्वास्थ्य बेकार राहिलेल्यांपेक्षाही अधिक घसरलेले आढळले.